आजोबांच्या फायलीत मी

तुम्ही हसाल, पण मी एकदा स्वतःच्याच घरात दिवंगत झालो होतो. आमच्या तंजावरी घराण्यात थोरल्या नातवाला आजोबांचंच नाव ठेवतात, म्हणून आजोबा व्यंकटराव आणि मीही व्यंकटराव. वंशावळ लिहायची म्हणून मी घरातले सगळे कागद नावांनुसार फायलींत लावले. दोनच दिवसांनी पासपोर्टची अपॉइंटमेंट होती आणि ऐन निघायच्या वेळी माझा जन्मदाखला सापडेना! कपाटं उपसली, माळा उपसला, देवघरसुद्धा सोडलं नाही. खाली रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न देत होता.

तांबरमची आत्या शांतपणे कॉफी पीत म्हणाली, "व्यंकू, आजोबांची फाइल बघितलीस का रे?"

बघितली. दाखला तिथेच होता. फायलीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : 'व्यंकटराव, दिवंगत.'

बायकोने हात जोडले. "शिवला एकदाचा कावळा! आता पळा."