पांढऱ्या कापडांचा डबा

सून: बाबा, हा तुकडा आणि हा तुकडा, जोडीचे म्हणून तुम्हीच ठेवलेत ना?

आजोबा: मीच ठेवलेत. काय झालं? शिवण उसवली?

सून: शिवणीला काय होतंय, तुमची शिवण आहे ती. पण सकाळी चिमणीला डोळ्यांवर पट्टी बांधून हा डबा घेऊन बसवलं. म्हटलं, एकसारखी कापडं शोध आणि जोड्या लाव. बराच वेळ चाचपत बसली आणि म्हणाली, ह्याची जोडी नाहीच डब्यात.

आजोबा: चार वर्षांची पोर ती. कंटाळली असेल.

सून: मलाही तेच वाटलं. उलट मीच तिला दटावलं, आजोबांनी लावलीय जोडी, चुकायची नाही. रडकुंडीला आली बिचारी. मग मी स्वतः हात लावून बघितला. एक लवदार फलालीन आहे आणि एक साधं सुती.

आजोबा: अगं, तूच म्हणालीस सगळं पांढरंच हवं. दुकानातली कातरणं एका ढिगात पडली. रंगीत असती तर झाली असती का गफलत?

सून: पांढरं का हवं ते सांगितलं होतं की. बाईसाहेब पट्टीखालून बघतात आणि रंगावरून जोड्या लावून मोकळ्या होतात. बोटांनी ओळखायचं, खेळच तो आहे सगळा.

आजोबा: आण इकडे, दुसरा तुकडा शिवून देतो. एका जोडीचं काय घेऊन बसलीस?

सून: एक नाही. मलमलीबरोबर अस्तराचं कापड ठेवलंय. टॉवेलची जोडी आणि जाळीच्या कापडाची जोडी तेवढ्या बरोबर आहेत. त्या काय, लांबूनही दिसतात.

आजोबा: हं.

सून: मी ह्या घरात नवी होते तेव्हा माझ्या कोटाच्या बाहीला नुसता हात लावून म्हणाला होतात, सूनबाई, लोकर म्हणून भलतंच काहीतरी गळ्यात मारलंय तुझ्या.

आजोबा: खरंच होतं ते.

सून: खरंच होतं. म्हणून तर विचारते. जरा डोळे मिटा आणि हे काय आहे सांगा बघू.

आजोबा: मी काय बालवाडीत आलोय? सोड. गिऱ्हाईक यायचंय, दुकान उघडायचंय.

सून: आणि बोटाला हे फडकं कशाचं? परवा म्हणालात, सुई टोचली. सुईनं एवढा फोड येतो?

आजोबा: इस्त्री लागली.

सून: लागली म्हणजे? हात झटकन मागे नाही घेतला?

आजोबा: वास आला तेव्हा कळलं. मला वाटलं, कापड जळतंय.

(सून आजोबांसमोर जमिनीवर बसते.)

सून: कधीपासून चाललंय हे?

आजोबा: साखर वाढली तेव्हापासून, थोडं थोडं. आधी बोटांना मुंग्या यायच्या. मग त्याही बंद झाल्या. मी म्हटलं, चला, बरं झालं. बरं कसलं. आता मखमल काय नि गोणपाट काय, हाताला सगळं सारखंच. डोळ्यांनी बघून निभावून नेत होतो. ह्या पांढऱ्यानं पकडून दिलं मला.

सून: मला ठाऊक असतं तर पांढरं मागितलंच नसतं हो.

आजोबा: तुझा काय दोष? पण एक ऐक माझं. नवऱ्याच्या कानावर घालू नकोस. तो आधीच मागे लागलाय, बाबा, पुरे झालं दुकान, घरी बसा. हे कळलं तर उद्याच कुलूप लावील. सकाळी उठून कुठे जायचं तेच राहिलं नाही तर मी करू काय? मला भीती वाटते गं त्याची.

सून: ह्यांच्यापासून मी लपवणार नाही. तोंड फिरवू नका, पुढचं ऐका. उद्या डॉक्टरांकडे मी येते तुमच्याबरोबर. इस्त्री आजपासून बंद, कपडे समोरच्या लॉन्ड्रीत जातील. मशीनवर बसायचं की नाही ते डॉक्टर सांगतील. पण मापं घेणं आणि बेतणं तुमचंच. कुलपाची गोष्ट निघाली तर मी मध्ये उभी राहीन.

आजोबा: आणि कापड? ज्याला कापडच कळत नाही, त्याला शिंपी कोण म्हणेल?

चिमणी: आजोबा, माझा डबा तू घेतलास?

सून: ये, तुझंच चाललंय. चिमणे, सकाळी तुझं बरोबर होतं. ती जोडी नव्हतीच. मी उगाच ओरडले.

चिमणी: मी सांगितलं होतं तुला. दोनदा सांगितलं होतं.

आजोबा: आईचं नाही, माझं चुकलं बाळा. माझी बोटं झोपलीत.

चिमणी: मग उठव ना त्यांना.

आजोबा: उठत नाहीत.

चिमणी: मग गालानं कर. मला बोटांनी नाही ना कळलं, की मी गालाला लावते. आई म्हणते, नाक पुसू नकोस. मी नाक पुसत नसतेच.

सून: बाबा, बघा तरी.

आजोबा: दाढी वाढलीय माझी.

चिमणी: दाढीच्या वर लावायचं, इथे. डोळे मिट. घट्ट. आणि फटीतून बघायचं नाही हं, मला माहितीय कसं बघतात ते.

आजोबा: बरं, मिटले.

चिमणी: हे काय आहे?

आजोबा: थांब. पुन्हा फिरव. गार लागतंय, सरकतंय. अस्तर आहे हे.

चिमणी: आई, बरोबर?

सून: बरोबर.

चिमणी: आणि हे?

आजोबा: हे... अगं, ही मलमल. दोन-चार धुणी झालेली मलमल आहे ही. सूनबाई, मलमलच आहे ना?

सून: हो बाबा. मलमलच.

चिमणी: आजोबा, कापड ओलं करू नकोस. अजून खूप जोड्या लावायच्यात.