बेड बदलला आणि आजोबा दोन झाले

अगं, काय सांगू, त्या मुलुंडच्या हॉस्पिटलची आमच्या सॉफ्टवेअरने पार वाट लावली. सकाळी ऑफिसात पाय ठेवते तोच तिथल्या कदम सिस्टरांचा फोन. "मॅडम, मी एका आजोबांचा फक्त बेड नंबर बदलला, तर आजोबा दोन झालेत. डॉक्टर पण दोन!"

होतं असं, की स्क्रीनवरून सर्व्हरकडे पेशंट, त्याचा डॉक्टर, वॉर्ड असं सगळं एकाच गाठोड्यात जातं. त्यातलं नेमकं काय बदललं, ही खूणही सोबत जायला हवी. आमच्या प्रोग्रामर नीलेशने ती पाठवायची सोयच केली नव्हती. सर्व्हरने सगळंच नवीन समजून पुन्हा भरलं. ॲलर्जीची नोंद तेवढी त्या गाठोड्यात नव्हती, ती जुन्याच आजोबांकडे राहिली.

मी नीलेशवर भडकले. "अरे, आजोबांना पेनिसिलिन चालत नाही! नवीन नोंद बघून कोणी दिलं तर?"

"पण माझ्या मशीनवर नीट चालत होतं ना यार!"

मी कपाळावर हात मारला आणि घाबरत सिस्टरांना फोन लावला. "इंजेक्शन दिलं नाहीत ना?"

"छे हो," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमचं सॉफ्टवेअर आल्यापासून आम्ही सगळं पेशंटलाच विचारतो."