सर्व्हरवरचं हिरवं पाकीट

शिन्चू शहरात दुपारच्या डब्यांच्या रांगेत माझ्यापुढे दोघं होते, गळ्यात एकाच कंपनीची ओळखपत्रं.

"यी-फेन ताई, राउटरवरचे आपले सगळे पॅच गेले म्हणे?"

"सगळे. चिपवाल्यांकडून मूळ कोडची नवी आवृत्ती आलीय, आणि तिच्यावर चढवायला आपल्या दुरुस्त्याच नाहीत."

"पण पॅच सांभाळायला काओ साहेबांनी खास टूल निवडलं होतं ना?"

"निवडलं की. अख्खा उन्हाळा मीटिंगा झोडल्या. मी म्हणत होते, दुरुस्त्या सरळ गिटमध्ये ठेवा, म्हणजे बदलांची नोंद आणि प्रत प्रत्येकाच्या मशीनवर राहते. तर म्हणे, ते बाळबोध आहे. यांच्या टूलमध्ये प्रत्येक पॅचची वेगळी फाइल, सगळ्या एका फोल्डरात."

"मग तो फोल्डर तरी गिटमध्ये असेल."

"नुसता सर्व्हरवर होता. गिटमध्ये टाकायचं एकाही शहाण्याला सुचलं नाही. काल डिस्क उडाली."

"सर्व्हरकडे कुणी बघतच नव्हतं?"

"असं कसं? मशीनने नीट वागावं म्हणून त्याच्यावर खाऊचं हिरवं पाकीट ठेवलंय ना, ते शिळं झालं तर गुण जातो म्हणून त्याची तारीख साहेब दर सोमवारी जातीने बघतात."

"मग आता काय म्हणतात?"

"काल पाकीट हातात धरून मलाच विचारत होते, मुदत तर मार्चपर्यंत आहे, मग असं झालंच कसं?"