बेसिनातली पाचवी खेप

नाही, पन मी म्हनतो, बाटलीवर चिठ्ठी नव्हती त मानसानं करावं काय? सांगा ना! यवतमाळच्या या कॉलेजात, केमिस्ट्रीच्या लॅबमंधी बावीस वर्सं झाले मले, शिपाई म्हनून लागलो तवापासून नियम एकच... चिठ्ठी असन त हात लावाचा नाही, चिठ्ठी नसन त धुवून पालथी घालाची! म्या काय वेगळं केलं? आपल्याले काय, आपुन बाटल्या धुनारे.

तुमाले सांगतो, आमच्या इथं मोनालीताई हाय, महागावची पोरगी, पीएचडी करून राह्यली. साडेपाच वर्सं झाले! काय करते? त मुजफ्फरभाईच्या वर्कशॉपातून लेथखाली पडलेला लोखंडाचा चुरा आनते. मुजफ्फरभाई त पह्यले हासेच, "ले जाओ बेटा, भंगारवाला भी भाव नही देता इसको!" थो चुरा ॲसिडात विरघळवते, उकळते, गाळते, आन् त्याची काळीशार भुकटी करते, बुक्क्यासारखी. थे भुकटी टाकली का म्हने दोन रसायनं झटपट एकमेकायले धरते, आन् काम झालं का बाटलीले बाहेरून लोहचुंबक लावाचा... भुकटी सारी काचेले चिकटते, पानी ओतून द्या, भुकटी पुन्हा वापरा! उत्प्रेरक म्हनते त्याले. म्हंजे अशी चहापत्ती, का पाच डाव उकळली तरी रंग तोच. आता पाच खेपा दाखवल्या त थेसिस पुरा. चार झाल्या होत्या. पाचवी तेवढी बाकी, नवी भुकटी कराले तीन महिने लागते, आन् थेसिस जमा कराची तारीख महिन्यावर. मुदत दोनदा वाढवून झालती, तिसऱ्यानं भेटत नाही.

अन् इकडं कॉलेज तपासाले समिती येनार! मोनालीताई दोन दिवस गावी गेलती, आन् प्राचार्य साहेब लॅबमंधी आले, नाकावर चष्मा, "उकंडा, हे काय? लग्नातल्या आहेरासारख्या चिठ्ठ्या चिकटवल्यात सगळीकडे! काढा त्या. काच कशी चकाचक दिसली पाहिजे!" साहेबाचा हुकूम! काढल्या. सकाळपासून ब्लेडनं खरडू-खरडू बोटं सोलले माहे. मंग जेवाले गेलो, दोन भाकरी खाल्ल्या, वापस आलो, पाहतो त काय बाप्पा... अख्ख्या लॅबमंधी एका बी बाटलीवर चिठ्ठी नाही! आन् नियम काय? धुतल्या ना मंग! एकशे चौदा बाटल्या धुतल्या, एकट्यानं! एकीच्या बुडाशी काळा गाळ होता, थे त लयच घासून धुतली.

समिती आली, चकाचक काच पाह्यली, चहा पेली, गेली. अन् मंग आली मोनालीताई.

"काका, इथं माझी भुकटी होती ना?"

"कोनती, थे काळं? थे त बेसिनात गेलं, ताई."

वरडली नाही. स्टुलावर बसली, ओढनी तोंडाले लावली, "साडेपाच वर्षं, काका..." बस, एवढंच. शिव्या देल्ल्या असत्या त बरं झालं असतं! आपल्याले काय, आपुन बाटल्या धुनारे... असं मनात म्हनून पाह्यलं म्या, पन त्या दिवशी थे काही लागू पडलं नाही.

मंग लावला फोन मुजफ्फरभाईले. म्हनलं, लेथचा चुरा सांडला त तुमी उचलता कसा? आला ना थो, जुन्या लाउडस्पीकरचा भला मोठा चुंबक सुतळीले बांधून! म्या म्हनलं, भाई, नालीत घालाचा हाय. "अरे उकंडाभाऊ, चुंबक को क्या शरम! लोहा दिखा कि पकडा!" बेसिनखालचा वाकडा पाइप खोलला, आन् काय सांगू... बावीस वर्सांचा ऐवज! हिरवा थर, निळा थर, पिवळा थर, वास असा का मुजफ्फरभाई दोन पावलं मांगं. चुंबक फिरवला. टाचन्या आल्या, ब्लेडचे तुकडे आले, अन् त्यायच्या मांगं... काळीशार भुकटी! ताईनं थे सात डाव पान्यानं धुतली, तीन डाव अल्कोहोलनं, वाळवली, आन् पाचवी खेप लावली. मी आपला मुंडकं खाली घालून कोरड्याच बाटल्या पुसून राह्यलो.

तुमाले सांगतो, पह्यल्या खेपेले शंभरातून ब्याण्णव टक्के माल तयार झालता, मंग एक्क्याण्णव, मंग नव्वद, मंग अठ्ठ्याऐंशी. अन् नालीतल्या पाचवीले? सत्त्याण्णव! तिचे गाइड सर त नाचाचेच बाकी राह्यले. पन मोनालीताई सरळ पोरगी. "सर, ही नालीतून आली हे लिहावंच लागेल." सर म्हनते, "लिही ना! पण मग तिथं तिला काय काय लागलं तेही लिही. दुसऱ्या कोणी करून पाहिलं तर त्यालाही असंच जमलं पाहिजे, नाहीतर परीक्षक दारातही उभं करणार नाहीत."

झालं! आली ना ताई कोरी वही घेऊन. "काका, बावीस वर्षांत तुम्ही या बेसिनात काय काय ओतलं, तेवढं तारखेवार लिहून द्या."

घ्या! अन् भिंतीवर पाटी काय? बेसिनात कोणतेही रसायन ओतू नये, कॅनमध्ये टाकावे. म्याच ठोकली थे पाटी! म्हंजे लिहून देल्लं त माह्यावर मेमो, रिटायरले तीन वर्सं राह्यले असतानी... अन् नाही देल्लं त पोरीची पीएचडी बेसिनात. म्हनलं, आपल्याले काय, आपुन बाटल्या धुनारे, मले काही आठोत नाही. त तिनं वही मिटली, म्हने, "राहू द्या काका, तुमची नोकरी जाईल." असं म्हनली बाप्पा! भांडली असती त सुटलो असतो मी.

घेतली वही. लिहून राह्यलो. काय करता! सतरा पानं झाले, अन् अजून दोन हजार चारची दिवाळी बी नाही आली.