शेवटचं उत्तर चुकवायचं

आठवलं की अजून डोकं फिरतं बघा माझं. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते आणि आजऱ्याहून मला बघायला पाहुणे आले. चालून दाखवलं, सुईत दोरा ओवून दाखवला. मग मुलाचे वकील काका सरसावले. "इंग्रजी येतं म्हणे!" आणि लागले की एकेका शब्दाचा उपसर्ग विचारायला.

आत्यानं आधीच बजावलं होतं, "सगळं सांग, पण शेवटचं उत्तर चुकव. पुरुषमाणसांना काहीतरी शिकवायला उरू दे."

काकांनी शेवटी विचारलं, "टेलिफोनमधला टेली कुठल्या भाषेतला?"

"ग्रीक. म्हणजे लांब."

"चूक! लॅटिन."

"ग्रीकच."

दाराआडून आत्या खाकरत होती. मी कशाला ऐकते? व्याकरणाच्या पुस्तकातले ते उपसर्ग वर्षभर घोकले, ते काय ह्या माणसापुढं मान डोलवायला?

मग मध्यस्थ नकार घेऊन आले. "मुलगी उलट बोलते. पुढच्या वेळी 'मला येत न्हाई' म्हणायला सांगा की तिला."

आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, कडाडले, "पुढच्या वेळी प्रश्न हीच विचारंल! सांगा जाऊन!"

पुढचे पाहुणे हुपरीचे आले. माझा राग उतरलेलाच नव्हता. बसल्या बसल्या मुलालाच विचारलं, "टेली कुठल्या भाषेतला?"

मुलगा म्हणाला, "मला न्हाई येत. तुम्हीच सांगा की."

घ्या, चहा गार होतोय. ह्यांनीच केलाय.