फुकटची साखरतपासणी

…नाही, पण मला एक सांगा, फुकट कोण काय देतं हो? तुम्ही दिलंय कधी? शेजारणीला वाटीभर डाळ दिली तरी वाटी परत येईपर्यंत आपला जीव त्या वाटीत असतो! आणि ही माणसं एक अख्खी गाडी घेऊन, गाडीत डॉक्टर बसवून, सातपूरला आमच्या कॉलनीत येतात आणि म्हणतात, या, तुमची साखर तपासतो, फुकट! रक्तदाब, फुकट! काही निघालं तर पुढची औषधं, तीही फुकट! का? मी काय म्हणते, का? आम्ही काय त्यांच्या मावशीच्या नात्यातले?

तुम्हाला सांगते, मी उगाच संशय घेत नाही. राज्यशास्त्रात एम.ए. केलंय मी, संशय हा माझा अभ्यासाचाच विषय होता. आणि अनुभव काय कमी आहेत? मागे डोळे फुकट तपासणारे आले, ते अख्ख्या गल्लीला चष्मे विकून गेले. समोरच्या ज्ञानेशदादाला तोपर्यंत सगळं स्वच्छ दिसत होतं, चष्मा लागल्यापासून तो स्वतःच्या पायरीवर अडखळतो! मग पाणी फुकट तपासणारे आले, त्यांनी आमच्याच नळाच्या पाण्यात दोन तारा बुडवल्या, पाणी झालं पिवळंधमक, बायका किंचाळल्या, आणि संध्याकाळपर्यंत घरोघरी फिल्टर! ते पाणी त्या तारांनीच पिवळं होतं हे मी सगळ्यांना ओरडून सांगितलं. ऐकलं कोणी? "तू लहान आहेस." मी लहान! सव्वीस पूर्ण झाली मला, पण आमच्या कॉलनीत साठीच्या आतल्या माणसाला मत नसतं.

त्यात आमचे दिवाकरकाका. कॉलनीच्या मंडळाचे अध्यक्ष. कंपनीतून निवृत्त झाल्यापासून हा माणूस माइक दिसल्याशिवाय ताजातवाना होत नाही. मी त्यांना सरळ विचारलं, "काका, या संस्थेची काही चौकशी केलीत का?" तर काका डोळे मिटून, "बाळ निकिता, देणाऱ्याचा हात बघावा, खिसा बघू नये." अहो, खिसाच तर बघायचा असतो! हात काय, सगळ्यांचे सारखेच असतात!

मग संस्थेची ती संपदा आली, शिबिराचं सांगायला. माझ्याच वयाची, गळ्यात ओळखपत्र, आणि हसत होती. एवढं उन्हातान्हात फिरून कोण हसतं? मी म्हटलं, "पैसे कुठून येतात तुम्हाला?" म्हणाली, "देणग्या असतात ताई, काही कंपन्या देतात. सगळा हिशोब वेबसाइटवर आहे, बघा ना." बघितला मी. होता हो हिशोब! पैन् पै होती! तेव्हा तर माझा संशय पक्काच झाला. प्रामाणिक माणसाचा हिशोब इतका नीट असतो कधी?

तरी मी त्या शिबिराला गेले. का गेले? आत्यामुळे. कुसाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. सगळा जन्म तिचा पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये घड निवडण्यात गेला, आता आमच्याकडे असते. दिवाळीच्या आधी बाजारात तिच्या पायाच्या अंगठ्यावर भाजीवाल्याचा क्रेट पडला, एवढीशी जखम, आणि संक्रांत आली तरी भरायला तयार नाही! उलट काळी पडत चालली. हळद लावून झाली, कोरफड लावून झाली, कोणीतरी सांगितलं म्हणून तंबाखूसुद्धा लावून झाली. शिवाय दिवसभर घटाघट पाणी पिणार आणि वर म्हणणार, "उष्णता हाय, दुसरं काय!" अगं, बाहेर एवढी थंडी, गल्लीतली कुत्री कुडकुडतायत, आणि तुला एकटीलाच उष्णता? मी म्हटलं, सिव्हिलला चल. तर तिचं एकच, "दवाखान्यात गेलं का रोग निघतो, निके. नाय गेलं, नाय निघत." आता या तर्कापुढे राज्यशास्त्र काय करणार? पण शिबिर गल्लीतच होतं, सगळ्या बायका चालल्या होत्या, म्हणून ती तयार झाली. आणि मी बरोबर गेले, लक्ष ठेवायला. फुकट कोण काय देतं हो!

संपदाने सगळ्यांना बजावून सांगितलं होतं, सकाळी उपाशी पोटी या. आले की सगळे उपाशी! पण संस्थेची माणसं मैदानाच्या त्या टोकाला गाडीत, दारं लावून मशीनं मांडत बसलेली, आणि या टोकाला काकांचा मांडव. कारण काकांना साधी तपासणी कशी चालेल? दीपप्रज्वलन नको? पाहुणे नकोत? सत्कार नको? पाहुणे म्हणजे कोण, तर काकांच्याच कंपनीतले जुने साहेब, आणि ते येईनात. माणसं गारठलेली, उपाशी, खुर्च्यांवर हातांच्या घड्या घालून बसलेली. काकांना ते बघवेना. "शैला! अगं चहा टाक! कॉलनीच्या दारात माणूस बसवायचा आणि चहा नाही? अब्रू आहे की नाही?" एक बिचारी बाई म्हणाली हो, की उपाशी राहायला सांगितलंय. त्यावर काका माइकवरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "उपाशी म्हणजे अन्न नको! चहा अन्नात येतो का? एकादशीला चालतो, आणि इथे नाही चालणार?"

झालं! एकादशीचं नाव निघाल्यावर कोण मागे राहतं? शैलाकाकूंनी टोपभर चहा टाकला, तोही कसा, चमचा उभा राहील इतका गोड. कोणी घरून राजगिऱ्याचे लाडू आणले, कोणी केळी. मीही घेतला चहा. दोनदा घेतला. थंडी होती!

एकटी आत्या नाही म्हणाली. का? तर शैलाकाकू कॉलनीतल्या सगळ्यांना हळदीकुंकवाला बोलावतात, आत्याला नाही. ती विधवा, म्हणून. दोन वर्षं झाली, आत्या त्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. कप पुढे केला तर तोंड फिरवून म्हणाली, "तिच्या हातचा आवशीद दिला तरी नको." आवशीद म्हणजे औषध. मला अभिमानच वाटला तिचा.

मग पाहुणे आले, दिवा लागला, भाषणं झाली, आणि एकदाची रांग गाडीकडे निघाली. बोटाला टोचायचं, थेंब मशीनला लावायचा, आकडा चिठ्ठीवर लिहून द्यायचा. पहिल्या बाईची साखर वाढलेली. दुसऱ्या बाईची वाढलेली. ज्ञानेशदादाची वाढलेली. काकांची तर विचारूच नका. माझी… माझी, वाढलेली! मला साखर? मी रोज जिना चढते, मी मोबाइलवर बोलतानासुद्धा चालते! आणि आत्याचा आकडा बघून त्या मुलीने मशीन झटकलं, दुसऱ्या बोटाला टोचलं, पुन्हा बघितलं, आणि संपदाला हाक मारली. संपदाने आत्याचा अंगठा बघितला, आणि तिचं ते हसणं गेलं. म्हणाली, "मावशी, उद्याच हॉस्पिटलला जायचं. आमची गाडी न्यायला येईल, काही खर्च नाही."

आता समजलं! माझ्या डोक्यात लख्ख उजेड! अख्ख्या गल्लीला एका सकाळी साखर? हे रोग शोधायला नाही, गिऱ्हाईकं बनवायला आलेत! मी तडक मांडवात गेले, काकांच्या हातातून माइक घेतला आणि सुरू झाले! चष्मे काढले, फिल्टर काढले, दोन तारा काढल्या. "यांच्या मशीनमध्ये गडबड आहे! आज साखर म्हणतील, उद्या हॉस्पिटलात घालतील, परवा बिल हातात देतील! फुकट कोण काय देतं हो?" आणि काय सांगू तुम्हाला… टाळ्या! जन्मात पहिल्यांदा त्या कॉलनीने माझं ऐकलं! चिठ्ठ्या टराटरा फाटल्या. ज्येष्ठ मंडळी माना डोलावत होती. काका तर असे वारा बघून फिरले, की डॉक्टरांसाठी आणलेली शाल आणि नारळ त्यांनी मलाच दिला! "आमच्या कॉलनीची वाघीण!" आत्या पुढच्या खुर्चीवर बसून पदराने डोळे पुसत होती.

संपदा मांडवाच्या कडेला उभी. भांडली नाही, काही नाही. टाळ्या संपू दिल्या, मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, एक विचारू? सकाळपासून तुम्ही काय घेतलंत?"

म्हटलं, "काही नाही. उपाशी आहे."

"काहीच नाही?"

"चहा फक्त."

माइक चालूच होता. ते "चहा फक्त" अख्ख्या मैदानावर घुमलं. संपदाने डोळे मिटले. मग विचारलं, "अजून कोणी चहा घेतला?" सगळे हात वर! शाळेत एवढे हात कधी वर झाले नसतील! लाडूवाल्यांनी तर दोन्ही केले. "आणि कोणी नाही घेतला?"

एक हात. कुसाआत्याचा. तोही ऐटीत.

म्हणजे बघा, सगळ्या कॉलनीचे आकडे खोटे आणि एकटीचा खरा. आणि कुठला? ज्याने त्या मुलीला मशीन झटकायला लावलं तो! मी माइक पुन्हा तोंडाला लावला, "ऐका, ऐका, मशीन बरोबर आहे, चूक चहाची आहे, पुढच्या रविवारी सगळ्यांनी परत…" पण कोण ऐकतंय! खुर्च्या गोळा व्हायला लागल्या. काका म्हणाले, "बाळ, आता सारवासारव नको, छान बोललीस तू." आणि घरी गेल्यावर आत्या कॉटवर मांडी ठोकून, "म्या नाय जायची. तूच म्हणाली ना, गिऱ्हाईक करतात?"

"अगं आत्या, मी चुकीचं बोलले!"

"चुकीचं बोलली तर शाल कशी दिली?"

सांगा आता!

गाडी आली, रिकामी गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, पुन्हा रिकामी. संपदा रोज येऊन अंगठा धुऊन पट्टी बांधून जायची. मी हात जोडले, मी रडले, वडील ओरडले. सिव्हिलला नेऊ म्हटलं, तर म्हणे तिथंबी फुकटच! शेवटी आत्या बोलली ते खरं कारण. म्हणाली, "निके, फुकटचं माझ्या अंगी लागत नाय. जन्मभर राबून खाल्लं. ती पोरगी माझा घाण पाय हातात घेती आणि काही घेत नाय, मला लाज वाटती. तिनं माझं काही घेतलं, तर मी येते." आणि पिंपळगावहून तिच्या जुन्या सोबतिणींनी पाठवलेली द्राक्षांची पेटी पुढे सरकवली. "ही तिला दे."

मी पेटी घेऊन खाली गाडीपाशी धावले. संपदा म्हणाली, "नाही ताई, संस्थेचा नियम आहे. आम्हाला कोणाकडून काही घेता येत नाही."

तुम्हाला सांगते, मी! जिने कॉलेजात भ्रष्टाचारावर निबंध लिहून बक्षीस मिळवलं, ती मी, भर रस्त्यात एका संस्थेच्या कार्यकर्तीला विनवतेय, "घे गं बाई! एकदाच नियम मोड! कोणाला नाही सांगणार!" आणि ती, "वेबसाइटवर टाकावं लागेल ताई." टाक म्हटलं! फोटोसकट टाक! पण घे! शेवटी तिने वरिष्ठांना फोन केला, ते त्यांच्याही वरिष्ठांना विचारतो म्हणाले, आणि मी आत्याच्या त्या अंगठ्याचा विचार करत पेटी डोक्यावर घेऊन उभी! एकदाचं ठरलं, की द्राक्षं संस्थेच्या केंद्रातल्या इतर पेशंटना वाटायची. साखर नसलेल्या. आत्या खिडकीतून बघत होती. पेटी गाडीत गेली तशी ही चप्पल घालून बाहेर आली आणि गाडीत बसली, जशी काही लग्नालाच निघाली!

अंगठा वाचला हो. डॉक्टर म्हणाले, अजून पंधरवडा गेला असता तर पाऊल कापावं लागलं असतं. आत्या आता रोज स्वतःच्या हाताने पोटात इंजेक्शन टोचून घेते आणि मलाच शिकवते, कसं टोचायचं ते.

पण गल्ली? गल्लीने पेटी गाडीत जाताना बघितली ना! काकांनी तर गच्चीवरून बघितली. "निकिता, तू म्हणालीस तेच खरं झालं, बाळ. घेतातच ते!" आणि फेरतपासणीला एक माणूस जायला तयार नाही. आता कोण त्यांना समजावणार? मीच! मीच दारोदार फिरतेय, उपाशी या, चहा नको, लाडू नको, एकादशी विसरा, संस्था चांगली आहे, खरंच चांगली आहे… आणि प्रत्येक दारात, अगदी प्रत्येक, आधी मला वरपासून खालपर्यंत बघतात आणि विचारतात, "तुझं काय गं त्यात?"

काही नाही म्हणते मी. काहीच नाही. आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं की कळतं… मीसुद्धा विश्वास ठेवला नसता.