उजवा कौल

आम्ही मूळचे तळकोकणातले, पण माझा जन्म इथलाच, घाटकोपरला, डोंगरावरच्या चाळीत. बाबा गिरणीत होते, मग संप झाला, गिरणी गेली आणि बाबा दारात खुर्ची टाकून बसले ते बसलेच, तेव्हापासून घर मी आणि माझा धाकटा भाऊ सदा, आम्ही दोघांनी ओढलं. मी साकीनाक्याला बल्बच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. लग्न झालं होतं, नवरा लवकर गेला, ते जाऊ दे, ते सांगत बसले तर कबड्डी राहून जाईल, आणि तुम्ही कबड्डीचंच विचारायला आलात ना.

तर कबड्डी. काय सांगू तुम्हाला, बाकीच्या बायका रविवारी सिनेमाला जायच्या तेव्हा मी मॅचला जायची. सदा कॉलेजच्या टीममध्ये होता, कोपऱ्यात उभा राहायचा, आणि एकदा समोरच्याचा घोटा त्याच्या हातात आला की संपलं, तो काही परत जायचा नाही. मी उभी राहून ओरडायची, माझा भाऊ आहे तो, माझा भाऊ, शेजारी बसलेल्याने विचारलेलं नसायचं तरी त्याला हलवून सांगायची. सदाचं शिक्षण संपलं, नोकरी लागली, तरी मी त्या टीमच्या मॅचेस बघायच्या सोडल्या नाहीत, पोरं बदलत गेली, मी तीच. आणि मग सदाच त्या टीमचा कोच झाला. तेव्हा मी चाळीत पेढे वाटले हो. आता ते पेढे आठवले तरी कसंसंच होतं.

कारण खेळला तो झकास, पण शिकवायला घेतलं आणि वाट लागली. एकदा एक ठरवलं की हा माणूस हलायचा नाही. पोरगा दमलाय, बदल रे त्याला, नाही. समोरचे डावीकडून घुसतायत, तिकडे माणूस वाढव, नाही. मला काही फार कळतं असं नाही, पण बाहेर शेंगदाणे विकणाऱ्यालासुद्धा दिसायचं ते याला दिसायचं नाही. घरी आल्यावर मी भांडायची, तो म्हणायचा, ताई, तू भात वाढ.

त्यात मग तो कौल. तुम्हाला ठाऊक असेल, आमच्यात लग्न असो, घर असो, जमिनीचं भांडण असो, अडलं की गावच्या देवाला विचारतात. गुरव देवाच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवतो आणि मग सगळे श्वास धरून बघत बसतात, उजवीकडची आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. तर आमचा सदा गणपतीला गावी गेला आणि देवाला विचारून आला, पहिली चढाई दिलीपने करावी का. हसा तुम्ही, मी पण हसले होते. कौल उजवा पडला.

दिलीप गावाकडे आमच्याच वाडीतला, इथेही चाळीत चार खोल्या सोडून राहतो, त्याची आई आणि मी एकाच नळावर पाणी भरतो. पोरगा चांगला होता, हरणासारखा पळायचा, म्हणजे देव काही चुकला नव्हता. पण दिवाळीच्या आधी प्रॅक्टिसला त्याचा गुडघा मुरगळला आणि सुजून हा एवढा झाला. कुठलाही कोच म्हणेल, बाळा, बस आता. सदा म्हणाला, देवाने नाव दिलंय, बदलायचं तर परत जाऊन विचारायला हवं, आणि मला ऑफिसातून रजा नाही. म्हणजे बघा, देव बाराही महिने हजर, आणि याला रजा नाही.

टीम पोरांच्या जिवावर कशीबशी फायनलला पोचली होती. भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं आणि म्हटलं, सदा, मला ओवाळणी नको, फायनलला दिलीपला बसव, एवढंच दे. तो पाटावर बसला होता, टिळा ओला होता, खाली बघत म्हणाला, ताई, कौल मोडू काय? आतून आई ओरडली, गप रव गो, देवाचो कौल आसा तो. आणि सदाने ताटात साडी ठेवली. साडी छान होती, अबोली रंगाची. तीच नेसून मी फायनलला गेले.

आता पोरांच्या पोटात काही राहतं होय? आमच्याच टीममधल्या कोणीतरी कौलाचं बाहेर सांगितलं होतं आणि ते समोरच्या कॉलेजला पोचलं होतं. दिलीप लंगडत चढाईला निघाला की तिकडची पोरं ओरडायची, कौल घ्या रे, कौल! तो धरला गेला, बाहेर बसला, परत आत आला की सदा परत त्यालाच पाठवायचा. पाहुण्यांना घालायला आणलेला झेंडूचा हार कोणीतरी तोडला आणि त्यातली फुलं सदाच्या अंगावर फेकली, एक नेमकं उजव्या खांद्यावर अडकलं, आणि अख्खं मैदान ओरडलं, उजवा दिला, उजवा दिला! सदाने ते फूल झटकलंसुद्धा नाही, तसाच उभा. मला वाटलं, भुई फाटून मला पोटात घेईल तर बरं. माझ्या शेजारचा माणूस डोळे पुसत हसत होता, म्हणाला, कोण हो बाई हा येडा? मी म्हटलं, माझा भाऊ आहे तो. एवढंच, हळू. तो बिचारा उठून दुसरीकडे जाऊन बसला.

आणि मग दिलीप मधल्या रेषेजवळ पडला. कोणी धरलं पण नव्हतं हो त्याला, गुडघाच वळला. त्याची किंकाळी ऐकून हसणारे पण उठून उभे राहिले.

डॉक्टर म्हणाले, चालेल, फिरेल, पण मैदान विसरा. दुसऱ्या दिवशी नळावर गेले, म्हटलं आता त्याची आई मला फाडून खाणार, खाऊ दे. माझा नंबर मागे होता, तिने माझी कळशी ओढून घेतली, भरली आणि माझ्या हातात दिली. शिव्या दिल्या असत्या तर मी घरी येऊन जेवले तरी असते.

मग जत्रेला आम्ही सगळे गावी गेलो. मी मनात पक्कं करून गेले होते, देवालाच सांगायचं, याला कोचगिरीतून सोडव, आमची लाज राख. आमच्याकडे गुरव सगळ्यांसमोर मोठ्याने गाऱ्हाणं घालतो आणि जमलेले सगळे होय महाराजा म्हणतात, ते तुम्हाला माहीत असेल. माझी पाळी आली. गुरव म्हणाला, बोल गो बाय, काय सांगू देवाक? शेजारी सदा हात जोडून उभा. त्याला कळलं होतं मी काय बोलणार ते. मान खाली, कानाच्या पाळ्या लाल, लहानपणी बाबांचा मार खायला उभा राहायचा ना, अगदी तसा. माझ्या तोंडातून ते येईचना. मी म्हटलं, दिलीपचा गुडघा बरा होऊ दे. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, सगळे म्हणाले, होय महाराजा. सदा पण म्हणाला, पण सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, एकटाच, आणि त्याचा आवाज फुटला.

कोच तो अजून आहेच. रोज संध्याकाळी दिलीपच्या घरी जाऊन त्याच्या गुडघ्याला तेल चोळतो, मग प्रॅक्टिसला जातो. कौल परत लावला नाही. टीम अजून हरतेच, पोरं बदलायला अजून उशीरच करतो, आणि मी अजून जाते, अजून शरमेने पदर तोंडावर घेते. काय करणार. देव त्या पोराला पायावर नीट उभं करो, आणि तुमच्या पोराबाळांना सुखी ठेवो. तुम्ही पण या एकदा मॅचला. कोच कोण आहे ते विचारायला लागणार नाही, मी सांगेन.